एका जपानी खेदाची गोष्ट

घरात बशी फुटली, तर तिची बातमी दोन तऱ्हांनी देता येते. "बशी फुटली" ही एक तऱ्हा आणि "मी बशी फोडली" ही दुसरी. घराघरांतली पोरे यांपैकी पहिली तऱ्हा पसंत करतात, हे सांगायला नकोच. त्यांना व्याकरण कुणी शिकवलेले नसते. पण क्रियापदाचे एक रूप निवडले की वाक्यातून कर्ता अलगद निसटतो आणि मागे उरते ती नुसती फुटलेली बशी, हे शहाणपण त्यांच्या अंगी उपजतच असते. आईही काही कमी नसते. ती लगेच विचारते, "फुटली म्हणजे? आपली आपण फुटली?"

गेली वीस-बावीस वर्षे मी पुण्यात जपानी भाषा शिकवते आणि जोडीला भाषांतराची कामे करते. जपानी भाषेतही हीच जोडी आहे, हे मला प्रथम समजले तेव्हा दूरदेशी कोणी नातलग भेटावा तसा आनंद झाला होता. 'सारा गा वारेता' म्हणजे बशी फुटली. 'सारा ओ वात्ता' म्हणजे (मी) बशी फोडली. मात्र चांगल्या वळणाच्या जपानी घरात हातून बशी पडली, तर माणूस दुसरेच वाक्य बोलतो. बशी निसटली असली, ओल्या हातामुळे पडली असली, तरी "मी फोडली" असे म्हणून तो मान खाली घालतो. तेव्हा जपानी लोक जबाबदारी अंगाबाहेर टाकणारे आहेत, असा ग्रह कुणी करून घेऊ नये. त्यांची भाषा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. कोणती वाट धरायची, ते बोलणाऱ्याने ठरवायचे.

हे आधी सांगायचे कारण, आज ज्या शब्दाची ओळख करून द्यायची आहे, तो शब्द नेमका या दोन वाटांच्या तिठ्यावर उभा आहे. तो शब्द म्हणजे 'इकान'.

शब्द दिसायला लहान, पण मोठा वजनदार. घरात, बाजारात, आगगाडीत तो सहसा कानावर पडत नाही. तो भेटतो सरकारी निवेदनांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत, कंपन्यांच्या पत्रांत आणि समारंभाच्या भाषणांत. आपल्याकडे जरीकाठी उपरणे जसे खुंटीवर रोज दिसत नाही, तसा हा शब्द. शिकणाऱ्यांना तो वरच्या इयत्तेत गेल्यावर भेटतो. कोशात पाहिले तर समोर लिहिलेले असते: खेद. झाले! विद्यार्थी वहीत टिपून घेतो आणि आपल्याला शब्द आला असे समजतो. खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

आधी त्याची घडण पाहू. 'इकान' दोन चिनी अक्षरांनी लिहितात. पहिले 'इ', म्हणजे मागे राहिलेले. हेच अक्षर 'इसान' या शब्दात येते. इसान म्हणजे वारशाने मागे राहिलेली मालमत्ता. 'इझोकु' म्हणजे मृताच्या मागे राहिलेले कुटुंबीय. दुसरे अक्षर 'कान', म्हणजे मनातली हळहळ. या अक्षराची मौज अशी, की त्याच्या डाव्या अंगाला हृदयाचे चिन्ह असते आणि उजव्या अंगातही तळाशी आणखी एक हृदय असते. एका अक्षरात दोन हृदये! दोन्ही अक्षरे मिळून अर्थ झाला, 'मागे राहिलेली हळहळ'. जे व्हायला हवे होते ते झाले नाही, आणि त्याची रुखरुख मनात उरली.

हा मूळ अर्थ ध्यानात धरला की एक कोडे सुटते. जपानी वर्तमानपत्रात एखाद्या खेळाडूबद्दल लिहितात, की त्याने आपले सामर्थ्य 'इकान-नाकु' प्रकट केले. नाकु म्हणजे वाचून, विना. विद्यार्थी चक्रावतात. खेदावाचून सामर्थ्य दाखवले, म्हणजे काय? निर्लज्जपणे? छे! अर्थ असा, की काहीही मागे ठेवले नाही; नंतर हळहळावे असे काही उरले नाही. आपण म्हणतो ना, 'जिवाची शर्थ केली', तसे.

आता इकानची भावंडे पाहू, म्हणजे त्याचा स्वभाव अधिक कळेल. जपानी माणूस दिवसातून अनेकदा 'सुमिमासेन' म्हणतो. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ 'हे संपत नाही', म्हणजे तुमच्या बाजूचे माझे देणे फिटत नाही. त्याहून आदबीचा शब्द 'मोशिवाके आरिमासेन'. मोशिवाके म्हणजे सबब, आणि आरिमासेन म्हणजे नाही. 'माझ्याजवळ सबब नाही', किंवा आपल्या मराठीत, 'मला सांगायला तोंड नाही.' आणि औपचारिक क्षमायाचनेला शब्द आहे 'ओवाबी'. या तिघांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा समोरच्याकडे पाहून बोलतो. 'मी' आहे आणि 'तुम्ही' आहात, आणि मधे काहीतरी फिटायचे राहिले आहे.

इकानमध्ये हे काहीच नाही. जे घडले ते व्हायला नको होते, एवढेच तो सांगतो. ते कोणी केले, कोणाला लागले, आता कोण काय भरून देणार, यांपैकी कशालाही तो हात लावत नाही. म्हणून हा शब्द स्वतःच्या कृत्याबद्दल वापरता येतो आणि दुसऱ्याच्या कृत्याबद्दलही. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडले, की जपानचे सरकार निवेदन काढते आणि त्यात 'इकान' हमखास असतो. आता, क्षेपणास्त्र त्यांनी सोडायचे आणि क्षमा जपानने मागायची, असा प्रकार अर्थातच नाही! तिथे इकान म्हणजे निषेधच, फक्त पांढरे हातमोजे घातलेला.

आपल्या मराठीत अशी सोय नाही असे मात्र समजू नका. 'खेद' हा संस्कृत शब्द. तो बोलणाऱ्याच्या मनाची शिणलेली अवस्था सांगतो. 'दिलगिरी' फारसीतून आली. दिलगीर म्हणजे ज्याचे हृदय धरले गेले आहे असा, दुःखी. तीही बोलणाऱ्याच्याच मनाची स्थिती. पण 'क्षमा' शब्दाचे मूळ सहन करण्यात आहे. 'क्षमस्व' म्हणजे 'तू सहन कर, पोटात घाल'. तिथे समोरच्याकडे काही मागितलेले आहे, आणि मागणाऱ्याला हात पसरावाच लागतो. दूरदर्शनचा पडदा मधेच काळा पडे, तेव्हा 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी येई. ती अनेकांना आठवत असेल. त्यात खेद होता, पण तो कोणाला होता हे त्या पाटीने कधीच सांगितले नाही. आपणही त्या खेदावर समाधान मानून चहा ठेवायला उठत होतो.

दूरदर्शनच्या पडद्यावर हे खपून जाते. पण जिथे पोटापाण्याचा प्रश्न असतो तिथे काय होते, त्याची एक हकिकत सांगते.

पुण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गृहस्थांचा छोटा कारखाना आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चाळीस माणसे कामाला. पितळी बुश करून एका जपानी कंपनीला पाठवायचे, हे त्यांचे मुख्य काम. एके दिवशी अण्णा स्वतः एक पत्र घेऊन माझ्याकडे आले. मूळ पत्र जपानीत, सोबत इंग्रजी भाषांतर. त्यांच्या चिरंजीवांनी इंग्रजी वाचून वडिलांना अर्थ सांगितला होता, आणि उत्तराचा मसुदाही तयार होता. तो जपानीत करून द्यावा, एवढेच काम.

"बाई, भली माणसं आहेत हो," अण्णा म्हणाले. "मालात काहीतरी गडबड झाली, तर तेच उलट खेद व्यक्त करताहेत. त्यांच्याच तपासणीत घोळ झाला असेल. मी लिहिलंय, की आम्ही काही मनाला लावून घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका."

मी मूळ पत्र वाचू लागले. बुशांच्या कडांची बर नीट काढलेली नव्हती, त्यामुळे ते बसवताना अडकत होते. हीच तक्रार आधीच्या लॉटमध्येही आली होती. आणि मग ते वाक्य आले. असा प्रकार पुन्हा घडला, हे 'माकोतो नि इकान' आहे. माकोतो नि म्हणजे खरोखर, अत्यंत.

मी पत्र खाली ठेवले आणि म्हटले, "अण्णा, ही दिलगिरी नाही. ही कानउघाडणी आहे."

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पण इंग्रजीत तर खेद म्हटलंय."

"खेद आहेच. तुमच्या मालाबद्दल त्यांना खेद आहे. आणि 'पुन्हा' हा शब्द पाहा. पहिल्या वेळी त्यांनी साधा शब्द वापरला असेल. या वेळी त्यांनी हा ठेवणीतला बाहेर काढला. याच्यावरची पायरी म्हणजे ऑर्डर बंद."

त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरणार नाही. हिशेबात ते पक्के. चाळीस माणसे, त्यांचे पगार, तोंडावर आलेला बोनस, हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. आणि त्यांनी जो मसुदा आणला होता, तो तसाच गेला असता तर? 'आम्ही मनाला लावून घेतले नाही' हे वाचून त्या जपानी साहेबाला काय वाटले असते, ते तुम्हीच ताडा.

त्या मसुद्याचे आम्ही तुकडे केले आणि नवे उत्तर लिहायला बसलो. अण्णांनी विचारले, "मग आपणही तोच भारी शब्द घालू या का? इकान?" प्रश्न स्वाभाविक होता. पण चूक ज्याच्याकडून झाली त्याने, ज्याचे नुकसान झाले त्याला 'इकान' लिहिणे, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात आपली कुंडी पाडून वर 'कुंडी पडली हे खेदजनक आहे' असे म्हणण्यासारखे! तिथे 'मोशिवाके गोझाइमासेन' हवे; सबब नाही, असे सांगणारे. तेच लिहिले. त्याखाली बर का राहिली याचे कारण, ती काढण्याची पद्धत कशी बदलली, पुढचा लॉट एकेक नग तपासून कोणत्या तारखेला निघेल, हे तीन मुद्दे. कारण नुसती सबब नाही म्हटल्याने बुश बसत नाहीत.

ऑर्डर राहिली. पुढचे काही लॉट त्यांनी फार काटेकोर पाहिले, पण राहिली. अण्णांच्या कचेरीत आता एक पद्धत पडली आहे. पत्रात 'खेद' दिसला, की चिरंजीव आधी वडिलांना विचारतात, "अण्णा, हा आपला का त्यांचा?"

एका कारखान्याच्या बाबतीत जे घडले, ते राष्ट्रांच्या बाबतीतही घडते. फक्त तिथे बुश नसतात, माणसांचे मृत्यू असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने शेजाऱ्यांशी कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न कित्येक दशके धुमसत राहिला. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका काकुएई चीनशी संबंध जोडण्यासाठी पेकिंगला गेले. २५ तारखेच्या मेजवानीत त्यांनी, जपानने चिनी जनतेला मोठा 'मेइवाकु' दिला, असे म्हणून त्याबद्दल अंतर्मुख होत असल्याचे सांगितले. मेइवाकु म्हणजे त्रास, उपद्रव. त्याचे चिनी भाषांतर झाले ते फारच हलक्या शब्दात, आपल्याकडच्या 'तसदी'सारख्या. दुसऱ्या दिवशी चौ एन-लाय यांनी आक्षेप घेतला. वाटेने जाताना एखाद्या बाईच्या कपड्यांवर पाणी उडाले तर जो शब्द वापरतात, तो लक्षावधी लोकांच्या मृत्यूला कसा पुरेल, असा त्यांचा सवाल होता. अखेर २९ सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात शब्द बदलले. जपानने युद्धाद्वारे चिनी जनतेची भयंकर हानी केली, तिची जबाबदारी त्याला तीव्रतेने जाणवते, असे त्यात आले. लक्षात घ्या, वाक्यात कर्ता आला आणि 'जबाबदारी' हा शब्दही आला.

कोरियाची गोष्ट तर थेट आपल्या शब्दाचीच. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. ६ सप्टेंबर १९८४ रोजी दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान टोकिओला आले असता सम्राट हिरोहितो मेजवानीत म्हणाले, की या शतकाच्या एका काळात उभय देशांमध्ये दुर्दैवी भूतकाळ होता हे अत्यंत 'इकान' आहे, आणि तसे पुन्हा होता कामा नये. सम्राटाच्या मुखातून एवढे निघणे हीही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण व्याकरण पाहा. दुर्दैवी भूतकाळ 'होता'. तो कोणी आणला? बशी फुटली, कोणी फोडली ते वाक्यात नव्हते.

मे १९९० मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष नो ते-ऊ आले, तेव्हा सम्राटपदी अकिहितो होते. त्यांनी जे वाक्य उच्चारले त्यात तो दुर्दैवी काळ 'आमच्या देशाने आणलेला' होता, आणि त्या काळात कोरियाच्या लोकांनी जे दुःख भोगले त्याने 'मला' तीव्र वेदना होते, असे म्हटले होते. सहा वर्षांत वाक्याला कर्ता मिळाला. आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी, युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षी, पंतप्रधान मुरायामा तोमिइची यांनी वसाहतींवरील सत्ता आणि आक्रमण ही नावे घेऊन, आशियातल्या देशांना अपार हानी पोचवल्याबद्दल 'ओवाबी' हा शब्द वापरला, म्हणजे उघड क्षमायाचना केली. इकानपासून ओवाबीपर्यंत अकरा वर्षे लागली. पुढेही वाद संपले नाहीत; पण शब्दांच्या त्या तीन पायऱ्या कोणालाही मोजता येतात.

हा शब्द जपानचीच खासगी मालमत्ता आहे, असेही नाही. तीच दोन अक्षरे कोरियन भाषेत 'युगाम' म्हणून उच्चारतात. ऑगस्ट २०१५ मध्ये सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी दक्षिण कोरियाचे दोन सैनिक जबर जखमी झाले. दोन्ही देश हातघाईवर आले, आणि मग जो समझोता झाला त्यात उत्तर कोरियाने, दक्षिणेचे सैनिक जखमी झाल्याबद्दल 'युगाम' व्यक्त केला. सुरुंग कोणी पेरले, ते त्या वाक्यात नव्हते. पण त्या एका कर्ताहीन शब्दावर दोन्ही सैन्ये मागे सरली, हेही खरे. म्हणून अशा शब्दांना सरसकट ढोंगी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. भांडण पेटलेले असताना, कुणाचीही मान खाली न घालता, 'हे व्हायला नको होते' एवढ्यावर दोघांना आणून उभे करणे, हेही कामच आहे. मात्र ते पहिले पाऊल आहे. त्यालाच मुक्काम समजले, की फसगत.

आता ज्या घरांतली मुले-मुली जपानी शिकत आहेत किंवा नोकरीसाठी जपानला निघाली आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. हा शब्द मित्रांत, घरमालकिणीशी, दुकानात वापरू नये. सहल रद्द झाली, पाऊस आला, तर 'झान्नेन' म्हणावे. तो याच शब्दाचा घरगुती भाऊ आहे. आपल्या हातून चूक झाली तर इकानच्या आड लपू नये. सरळ 'मोशिवाके आरिमासेन' म्हणावे आणि वाकावे. नकाराच्या पत्राच्या आरंभी 'इकान-नागारा', म्हणजे 'खेदपूर्वक कळवावे लागते की', असे आले, तर पुढचे वाचण्याची तसदी घेतली नाही तरी चालेल. लेखकमंडळींना 'साभार परत' वाचून जे कळते, तेच तिथे कळते. साहेबाने तुमच्या कामाविषयी हा शब्द उच्चारला, तर मात्र हातातले सगळे बाजूला ठेवून त्या कामाला लागावे. आणि उच्चार जपून करावा. बोलीत 'इकान' म्हणजे 'चालणार नाही!' असाही अर्थ होतो, आणि मोठी माणसे मुलांना दटावताना तो खुशाल वापरतात.

हल्ली खिशातल्या यंत्रापुढे कागद धरला, की भाषांतर क्षणात हजर होते. यंत्र 'खेद' असे सांगते, आणि ते खोटे सांगत नाही. पण खेद कोणाला, कोणाच्या कृत्याबद्दल, आणि पुढे कोण काय करणार, हे तीन प्रश्न वाचणाऱ्यालाच विचारावे लागतात. माझ्या वर्गात इकान आला की मी फळ्यावर अर्थ लिहीतच नाही. हे तीन प्रश्न लिहिते.

एकदा सवय लागली की ते मराठी वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडतात. पूल कोसळला, निकाल चुकला, पाणी आले नाही. कुणीतरी खेद व्यक्त केलेलाच असतो. दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट समोर घेऊन घरच्या मुलांना हे करायला सांगा. बातमीतले खेदाचे वाक्य घ्या आणि त्यातला कर्ता शोधा म्हणावे. सापडला, तर त्या माणसाचे कौतुक करा. न सापडला, तर मुलांना सांगा, की बातमी अजून अर्धीच आली आहे.